मदत हवी आहे : हडसन नदीच्या माशातली पीसीबी जात का नाहीत?

नमस्कार मंडळी. विषशास्त्र किंवा मत्स्यशास्त्र शिकलेलं कुणी आहे का इथे?

आम्ही न्यूयॉर्क राज्यात राहतो. वसंतात समुद्रातून स्ट्राइप्ड बास अंडी घालायला हडसनमध्ये चढतो. असा चढणीचा मासा शेजारी अख्खा आणून देतो, कधी गाबोळीसकट. नदीचा इतिहास माहीत आहे: जनरल इलेक्ट्रिकच्या हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्डच्या कारखान्यांतून 1977 पर्यंत तीसेक वर्षं पीसीबी (क्लोरीन असलेली, सहज न विघटणारी औद्योगिक रसायनं) पाण्यात जात होती. 2009 ते 2015 मध्ये वरच्या भागातला गाळ उपसला, तरी मासे खाण्याबाबतच्या सूचना कायम आहेत.

पीसीबी चरबीत मुरतात, कल्ल्यांपेक्षा खाण्यातून जास्त येतात, इथवर कळलं. पण माशालाही यकृत आहे, त्यात पी450 एन्झाइम (परकी रसायनं फोडणारी प्रथिनं) आहेत. मग पीसीबी 153 सारखी (पीसीबींच्या अनेक प्रकारांतला एक) संयुगं त्याला फोडता का येत नाहीत?

दुसरं, 2011 च्या एका संशोधनानुसार हडसनमधल्या टॉमकॉड माशाच्या एएचआर2 ग्राहीत (पेशीतलं प्रथिन, ज्याला चिकटून पीसीबी विषबाधा करतात) दोन अमिनो आम्लं गळाली आहेत, म्हणून पीसीबी तिला नीट चिकटत नाहीत आणि मासा तगतो. बास हा टॉमकॉड खातो. म्हणजे तगलेला मासा बासच्या पोटात विषाची पुरचुंडीच पोचवतो ना?

आणि घरचा प्रश्न: कालवण करावं की नाही? सासूबाईंना डोक्याचंच हवं असतं.

प्रतिसाद :

पुरचुंडीबद्दलचा तुमचा तर्क बरोबर वाटतो. विष सोसणारा मासा ते अंगात घेऊन फिरतो आणि खाणाऱ्याला देतो.

153 चं म्हणाल तर, ऑक्सिजन जोडायला एन्झाइमला रेणूतल्या कार्बनच्या कड्यावर शेजारी-शेजारी दोन क्लोरीन नसलेल्या जागा सोयीच्या पडतात. 153 मध्ये अशी जोडी एकही नाही. त्यात सस्तन प्राण्यांत अशा पीसीबींवर काम करणारी पी450 मधल्या 2बी गटाची एन्झाइम माशांत फार दुबळी. कमी क्लोरीनवाली थोडीफार फुटतात, कल्ल्यांतूनही निघून जातात. मादीचा थोडा भार अंड्यांत उतरतो, म्हणून गाबोळी नकोच.

कालवणही नको. पीसीबी उकळून मरत नाहीत, चरबीबरोबर सुटून वरच्या तवंगात येतात आणि तोच तवंग आपण भातावर ओततो. कातडी, पोटाची चरबी आणि कडेची काळपट लाल पट्टी काढा, मग जाळीवर भाजा, गळलेलं तेल फेका. माशात पारा असेल तर तो मात्र मांसातच असतो, तो याने जात नाही. डोक्याची चरबीही टाळलेली बरी, सासूबाईंना बाजारातला दुसरा मासा आणा. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना हडसनचा मासा अजिबात देऊ नका.