आडवी बाटली: ठराव झाला, सह्या झाल्या, आता मतदान कसं जिंकायचं?

ओढ्याकाठची

मंडळी, नमस्कार. गावात एक देशी दारूचं दुकान (सीएल-3), एक बिअर शॉपी आणि फाट्यावर एक परमिट रूम आहे. दारूबंदीचा ठराव ग्रामसभेत एकमताने झाला. तो उत्पादन शुल्कच्या कार्यालयात दिला तेव्हा "नुसत्या ठरावावर दुकान बंद होत नाही, महिलांची मागणी आणा" असं सांगून परत पाठवलं. यादीत 3,840 मतदार आहेत, त्यात महिला 1,846. बचत गटांनी 480 सह्या जमवल्या आहेत.

विचारायचं आहे ते असं: 480 सह्या पुरतात का? मतदानात नक्की किती मतं लागतात? तिन्ही दुकानं एकाच मतदानात बंद होतात का? आणि गावातली शिकलेली माणसंच म्हणतात, की बंदी केली की हातभट्टी येते, चंद्रपूरचं काय झालं बघा. त्यांना काय उत्तर द्यायचं?

---

कोरडवाहू

ताई, आधी आकडे. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे महिला मतदारांपैकी किमान 25 टक्के महिलांची मागणी लागते. 1,846 चे 25 टक्के म्हणजे 461.5, म्हणून 462. तुमच्या 480 कागदावर पुरतात, पडताळणीत पुरणार नाहीत. सह्या तपासताना बाईला समोर बोलावतात, ओळखपत्र बघतात, यादीशी नाव जुळवतात. तिथे गळती होतेच. ती का होते ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या फेरीत टाळता येईल.

यादीत नाव "मंगल दत्तात्रय" असतं आणि सही "मंगला" अशी होते. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत असतं, पण सही तुमच्या अर्जावर असते. अंगठा असतो, पण शेजारी साक्षीदाराची सही नसते. एकाच हाताने सासू आणि सून दोघींच्या सह्या केलेल्या असतात. आणि सगळ्यात जास्त दगा देणारी गोष्ट म्हणजे सह्यांचे कोरे कागद. वरच्या पानावर मागणी आणि खालच्या दहा पानांवर नुसत्या सह्या असल्या की पडताळणीला आलेली बाई दबावाखाली सांगते, "मला वाटलं घरकुलासाठी सही घेतायत." एवढ्याने ती सही बाद.

म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर पूर्ण मागणी छापा. रकाने असे ठेवा: यादी भाग क्रमांक, यादीतला अनुक्रमांक, यादीत आहे तसंच नाव, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, सही किंवा अंगठा, अंगठ्याला साक्षीदार. 462 लागत असतील तर 650 च्या खाली थांबू नका. अर्जात तिन्ही अनुज्ञप्त्यांचा (दारूविक्रीच्या परवान्यांचा) प्रकार, क्रमांक आणि पत्ता वेगवेगळा लिहा. "गावातील दारू दुकान बंद करा" एवढंच लिहिलं, तर नेमकं कोणतं हा वाद पुढे उभा राहतो आणि दुकानदाराचा वकील तोच धरून बसतो. अर्जाच्या पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

आता मतदान. लोक चुकतात ते इथे. झालेल्या मतांपैकी निम्मी मतं मिळवून भागत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चित्राला, पडावी लागतात. 1,846 चे निम्मे 923, म्हणजे तुम्हाला 924 हवीत. त्या दिवशी 760 बायका आल्या आणि त्यातल्या 700 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहतं. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते असं धरून चाला. दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तो प्रचार करत नाही, तो बायका बाहेर पडू नयेत एवढंच बघतो. मतदानाच्या दिवशी शेतावर दुप्पट रोज देऊन मजूर लावतो, शेजारच्या तीर्थक्षेत्राला फुकट गाडी काढतो.

---

पांढरी

वरचं गणित एक पाऊल पुढे नेऊ. समजा यादीत 140 नावं मयत किंवा लग्न होऊन गेलेल्या मुलींची आहेत आणि 90 बायका ऊसतोडीला गेल्या आहेत. गावात हजर राहिल्या 1,616. त्यातल्या 924 म्हणजे 57 टक्के तुमच्याच हव्यात. यादीच्या 60 टक्के मतदान झालं, म्हणजे 1,108 बायका आल्या, तर त्यातल्या 83 टक्के तुमच्या हव्यात. हा आकडा फळ्यावर लिहून बचत गटाच्या बैठकीत टांगा. "सगळं गाव आपल्याकडूनच आहे" हे वाक्य तिथेच बंद होतं.

म्हणून पहिलं काम प्रचाराचं नाही, यादीचं आहे. यादीची प्रत घ्या, वाडीनिहाय फाडा आणि प्रत्येक नावासमोर खूण करा: हजर, बाहेरगावी, मयत, लग्न होऊन गेली. मयतांसाठी मृत्यूचा दाखला जोडून नमुना 7 (नाव वगळण्याचा अर्ज) बीएलओकडे, म्हणजे यादीचं काम बघणाऱ्या मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे, द्या. सासरी गेलेल्या मुलींचं नाव तिकडच्या यादीत लागलं, की इथलं निघतं. हे मतदानाची तारीख लागायच्या आधी व्हायला हवं, नंतर यादी हलत नाही. 140 पैकी 100 नावं निघाली तरी तुमची गरज 924 वरून 874 वर येते. त्या पन्नास मतांसाठी नंतर पन्नास घरांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

तारखेबद्दल कार्यालयाशी आधीच बोला. ऊसतोड साधारण दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत चालते, तो काळ टाळा. सोयाबीन काढणी, लग्नाची दाट तिथी, तालुक्याचा बाजार हेही टाळा.

मतपत्रिकेचा सराव ही दुसरी गोष्ट. त्यावर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. ऐकायला सोपं आहे, पण म्हाताऱ्या बायका गोंधळतात. "बाटलीवर शिक्का मार" एवढंच सांगितलं तर पहिली दिसेल तिच्यावर मारतात. काही जणी रागाने उभीवर फुली मारल्यासारखा शिक्का मारतात आणि आडवीवरही मारतात. दोन्हींवर शिक्का म्हणजे मत बाद. साध्या कागदावर दोन चित्रं काढा, स्टॅम्प पॅड घ्या आणि प्रत्येकीकडून एकदा हाताने शिक्का मारून घ्या. "पाडायची, आडवी पाडायची" हे शब्द तोंडात बसले की चूक होत नाही.

वीस बायकांमागे एक कार्यकर्ती ठेवा, तिच्याकडे त्या वीस जणींचीच यादी असावी. सकाळी अकरापर्यंत किती गेल्या ते तिने कळवायचं. दुपारनंतर उरलेल्यांच्या घरी. यापेक्षा मोठी यंत्रणा लागत नाही.

---

वैनगंगा

चंद्रपूरचं उदाहरण अर्धवट सांगितलं जातं, म्हणून थोडं सविस्तर.

महाराष्ट्रात जिल्हाबंदीचे तीन प्रयोग झाले. वर्धा 1975 पासून, गडचिरोली 1993 पासून आणि चंद्रपूर 1 एप्रिल 2015 पासून. चंद्रपूरची मागणी वरून आलेली नव्हती. डिसेंबर 2010 मध्ये श्रमिक एल्गार या संघटनेच्या नेतृत्वाखाली बायका चिमूरहून नागपूरला विधानभवनावर चालत गेल्या होत्या. बंदी झाली आणि 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली हे कारण रमानाथ झा समितीच्या अहवालाच्या आधारे दिलं गेलं.

अवैध दारू वाढली हे खोटं नाही. पण का वाढली ते बघा. पलीकडे यवतमाळचा वणी तालुका, वर नागपूर, खाली तेलंगणा. तिन्हीकडे दुकानं उघडी. दुचाकीवर दोन पोती घेऊन नदी ओलांडली की माल आत. असा जिल्हा बंद करायचा तर नाकी, पथकं आणि रासायनिक तपासणीची व्यवस्था तितकीच वाढवावी लागते. शिवाय व्यसनी माणसाला उपचार नसेल, तर त्याची गरज तशीच राहते आणि विक्रेता ती गरज पुरवतो.

गडचिरोलीत वेगळं काय झालं? 1988 पासून गावोगाव चळवळ झाली आणि मग बंदी आली. त्यानंतरही चोरटी विक्री राहिलीच. म्हणून 2016 पासून मुक्तिपथ अभियान सुरू झालं. त्यात गावसंघटना, तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक आणि पोलीस कारवाई ही तिन्ही कामं एकत्र चालतात. माझं ठाम मत आहे, की बंदी फसते ती बंदी म्हणून नाही, तिच्या मागची दोन कामं, कारवाई आणि उपचार, न केल्यामुळे.

तुमचं गावपातळीवरचं मतदान जिल्हाबंदीपेक्षा एका अर्थाने मजबूत आहे. इथे निम्म्याहून जास्त बायकांनी स्वतः शिक्का मारलेला असतो, त्यामुळे नंतर पाळत ठेवायलाही त्याच उभ्या राहतात. पण शेजारच्या गावात दुकान असेल तर गिऱ्हाईक तिकडे जाईल, हे आजच गृहीत धरा. दुसरं असं, की देशीच्या आणि वाइन शॉपच्या नव्या अनुज्ञप्त्या देणं राज्यात 1970 च्या दशकातच थांबलं. म्हणून असलेली अनुज्ञप्ती सोन्याच्या भावाची असते. ती मरत नाही, स्थलांतराचा अर्ज करून दुसरीकडे जाते. शेजारच्या दोन-तीन ग्रामपंचायतींना आधीच सावध करा, नाहीतर तेच दुकान शिवेपलीकडे उघडतं.

---

ग्रामसभा_झिंदाबाद

गाव अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात असेल तर रस्ता वेगळा आहे. 1996 च्या पेसा कायद्यात मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे आणि महाराष्ट्राचे पेसा नियम 2014 मध्ये आले. तिथे "ठरावावर होत नाही" हे उत्तर चालत नाही, लेखी मागा.

फाट्यावरच्या परमिट रूमबद्दल: महामार्ग असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2016 चा आदेश तपासा. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, आणि मार्च 2017 च्या सुधारणेप्रमाणे 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी 220 मीटरच्या आत. मात्र जुलै 2017 मध्ये नगरपालिका हद्दीला आणि पुढे 2018 मध्ये राज्याने ठरवलेल्या लगतच्या भागांना सूट मिळाली आहे. तुमचं गाव त्यात बसतं का ते बघून मगच तक्रार करा.

---

साधी_पट्टी

इथे सगळे दुकानाबद्दल बोलत आहेत. दुकान बंद झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याबद्दल लिहिते, कारण त्या आठवड्यात माणसं दगावू शकतात.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप जाते. 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काही जणांना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, अंथरुणातले धागे वेचतो. घरचे म्हणतात बाहेरचं झालं आणि देवऋषीकडे नेतात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना "शेवटचं कधी प्यायला, रोज किती प्यायचा" हे आधी सांगा. ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, द्यावं लागतं. नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घरी देऊ नका, त्यांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतात.

म्हणून मतदानाआधीच आशाताईंच्या मदतीने रोज पिणाऱ्यांची यादी करा. गावात लावू नका, ती फक्त आरोग्य केंद्रात द्या. पूर्वी दारू तुटल्यावर फिट आलेल्यांची नावं वर ठेवा आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्यांची तारीख आधी घ्या. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 या मोफत हेल्पलाइन आहेत.

आणि हात जोडून एक विनंती. चहात किंवा भाजीत मिसळून द्यायचं "दारू सोडवायचं औषध" कोणी विकायला आलं तर घेऊ नका. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. माणसाने वर दारू प्यायली की जोराच्या उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जातो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासणी करूनच देतात.

हातभट्टी आली तर मिथेनॉलचं, म्हणजे दारूत येणाऱ्या विषारी अल्कोहोलचं, भान ठेवा. मालाड-मालवणीत जून 2015 मध्ये शंभरावर माणसं गेली. पोटात कळ, उलट्या आणि डोळ्यांपुढे धुकं ही लक्षणं बहुधा बारा ते चोवीस तासांनी येतात, तोवर माणूस "उतरेल" म्हणून झोपलेला असतो. दिसायला कमी झालं की थेट मोठ्या रुग्णालयात न्या, डायलिसिस असेल तिथे.

---

ओढ्याकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. 480 वर अर्ज द्यायला निघालोच होतो, तो थांबवला आहे. उद्यापासून यादी वाडीनिहाय फाडतो. एकच राहिलं: दुकान बंद झाल्यावर ओढ्यात भट्टी लागली तर बायकांनी जाऊन मडकी फोडायची का?

---

कोरडवाहू

फोडू नका, ताई. राग समजतो, पण फोडलं की पुरावा ओढ्यात वाहून जातो. मोहाचा सडवा असो वा गूळ-नवसागराचं रसायन, पंचांसमोर त्याचा नमुना बाटलीत घेऊन, लाख लावून, चिठ्ठीवर सह्या होऊन तपासणीला गेला तरच केस टिकते. 112 ला फोन करा, जागेचा फोटो काढा, फोटोत ओळखीचं झाड किंवा खांब येऊ द्या आणि पोलीस येईपर्यंत दहा-पंधरा जणी लांब उभ्या राहा. पंच म्हणून भट्टीवाल्याच्या भावकीतली माणसं घेऊ देऊ नका, ती कोर्टात उलटतात. बाकीचा माल पोलीस पंचनाम्यानंतर तिथेच नष्ट करतात.

तोच माणूस पुन्हा सापडला तर दारूबंदी कायद्याच्या कलम 93 खाली त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायची मागणी लेखी करा. आधीच्या गुन्ह्यांचे क्रमांक त्या अर्जात हवेत, म्हणून पहिल्या छाप्यापासून एक वही ठेवा: तारीख, जागा, गुन्हा क्रमांक, नमुना तपासणीला गेल्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा दिसला की पंधरा दिवसांनी ठाण्यात जाऊन विचारा.