लिनिअर कशाने गेला? – अनुभव धागा

मंडळी, लिनिअरची, म्हणजे हौशी रेडिओचा सिग्नल मोठा करणाऱ्या अँप्लिफायरची, सर्किटं ढिगाने सापडतात. तेच सर्किट टेबलावर उभं केल्यावर नेमकं कुठे दगा देतं, हे मात्र जो तो आपल्यापाशीच ठेवतो, बहुधा लाजेपोटी. तेव्हा इथे कबुलीजबाब द्यायचा. अँप्लिफायर घरी बनवलेला असो की विकतचा उघडलेला, तो कशाने गेला आणि पुन्हा कसा उठला ते सांगा. धागा मी काढलाय, तर पहिली लाज माझी.

माझ्या सप्लायमध्ये 220 मायक्रोफॅरड, 450 व्होल्टचे आठ इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सिरीजमध्ये आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर, दोन टोकांमध्ये, 100 किलोओहमचा रेझिस्टर; बंद केल्यावर तो कपॅसिटर रिकामा करतो. म्हणजे एकूण साडेसत्तावीस मायक्रोफॅरड, आणि 3000 व्होल्टला साधारण 124 जूल. बंद केल्यावर दीड मिनिटात व्होल्टेज पन्नासच्या आसपास येतं, हा हिशोब मी स्वतः केलेला, त्यामुळे त्यावर भारी विश्वास.

एकदा पंखा बदलायला झाकण काढलं. बंद करून पाच मिनिटं झाली होती, प्लगही काढून हातात घेतलेला. मीटरचा काटा शून्यावर. शून्याच्या केसभर वर होता, पण 4000 व्होल्टच्या स्केलवर केसभर म्हणजे किती, हा विचार कोण करतो? तरी शिस्त म्हणून डिस्चार्जच्या काठीने सप्लायचं वरचं टोक चॅसीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, टेकवलं. बारीकशी चट् झाली. झालं, म्हटलं, आणि बोर्ड उचलायला हात घातला. पुढचं मला आठवतं ते खुर्चीच्या मागे, जमिनीवर बसलेला मी.

एका कपॅसिटरवरचा रेझिस्टर ओपन झाला होता. बाकीचे सात आपापल्या रेझिस्टरमधून रिकामे झाले, हा आठवा भरलेलाच राहिला. काठी टोकाला टेकवल्यावर सगळ्यांची बेरीज शून्य झाली, पण ती अशी की सात जण थोडे थोडे उलटे भरले आणि आठव्यावर 400 व्होल्टच्या घरात तसेच राहिले. माझी बोटं नेमकी त्याच्याच दोन टोकांवर पडली. करंट एकाच हाताच्या दोन बोटांतून गेला, म्हणून हे लिहितोय. नंतर पाहिलं तर त्याचं डोकं फुगलेलंही होतं. आधी दिसलं नाही, कारण आधी बघितलंच नाही.

आता रेझिस्टर 5 वॅटचे आहेत. प्रत्येकावर उष्णता होते फक्त 1.4 वॅट, पण पूर्वीचे 2 वॅटचे त्या गरम कोंडीत वर्षानुवर्षं भाजत होते. आणि आता काठी आठही ठिकाणी टेकवतो. काठीत रेझिस्टर आहे, नुसती तार नाही.

काचवाला:
माझा किस्सा 3-500झेड या काचेच्या ट्यूबचा. जोडी आहे. तक्रार अशी, की सुरुवातीला पूर्ण पॉवर, पंधरा मिनिटांनी निम्मी, थोडं थांबलं की पुन्हा पूर्ण. मी ट्यूबला दोष दिला, मग ट्रान्सफॉर्मरला, मग अँटेनाला. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) तर शंभरदा तपासला असेल.

एका संध्याकाळी दिवे मालवून बसलो आणि जाळीतून आत बघत राहिलो. एक ट्यूब बोलताना मंद होत होती! त्या ट्यूबच्या फिलामेंटला 5 व्होल्टला जवळपास साडेचौदा अँपिअर लागतात. सॉकेटची पकड सैल झाली आणि तिथे नुसते दोन शतांश ओहम वाढले, तरी त्या एका पिनेवर चार वॅटच्या वर उष्णता निघते आणि 0.3 व्होल्ट वाटेतच संपतात. पिन पोकळ असते, आत तार सोल्डरच्या टाक्याने धरलेली. तो टाका हळूहळू वितळून खाली ओघळला होता. सॉकेटखाली चॅसीवर मण्यासारखा गोळाही सापडला. तो मी दोनदा पुसताना बघितला होता आणि माझ्याच हातून सांडलेलं सोल्डर समजून सोडून दिला होता.

ट्यूब उलटी धरून पिना पुन्हा भरल्या, सॉकेटच्या पकडी बदलल्या. फिलामेंट व्होल्टेज आता ट्रान्सफॉर्मरवर न मोजता थेट सॉकेटच्या पिनेवर मोजतो, अर्थात हाय व्होल्टेज काढून ठेवून. नवी ट्यूब मागवायच्या बेतात होतो. ट्यूबमधली धातूची प्लेट लालबुंद झाली की लोक घाबरतात, पण या ट्यूबला लाली सोसते. काचेतला उरलासुरला वायू तापलेली प्लेटच शोषून घेते. तिच्या पिनांना आणि सीलला मात्र वारा लागतोच, अगदी नुसतं फिलामेंट चालू असलं तरी.

पंखेवाली:
माझा छोटा आहे. ब्लोअर साफ केला आणि वायर जोडताना उलटी जोडली. डीसी पंखा फिरलाच नाही, आवाज आला तो सप्लायच्या पंख्याचा. मी ऐकून खूश. अकरा मिनिटं चालला. आता पंख्यासमोर कागदाची पट्टी लटकवली आहे. ती हलली तरच ड्राइव्ह, म्हणजे इनपुटचा सिग्नल.

क्यूआरपीवाला:
तुम्ही सगळे किलोवॅटवाले. मी 5 वॅटचे 40 करायला निघालो होतो, आयआरएफ510 ट्रान्झिस्टरची जोडी पुश-पुलमध्ये, म्हणजे आळीपाळीने चालणारी. किती जाळले ते सांगत नाही, पण डबी भरली.

पहिली जोडी टॅबमुळे गेली. टॅब, म्हणजे मागची धातूची पट्टी, ही ड्रेनच (करंट वाहण्याचं एक टोक), हे माहीत होतं. अभ्रकाचा वॉशरही लावला होता. स्क्रूला इन्सुलेशनची कॉलर लावायची राहिली. दुसरी जोडी बायसने, म्हणजे गेटवर (नियंत्रणाच्या टोकावर) कायम ठेवायच्या व्होल्टेजने खाल्ली. प्रीसेट उलटा जोडलेला, म्हणजे मी ज्याला किमान समजून चालू केलं ते कमाल निघालं. या मॉस्फेटचा थ्रेशोल्ड (ज्या व्होल्टेजला तो चालू होतो) 2 ते 4 व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो आणि मी गेटला पूर्ण 5 दिले. तिसरी जोडी ठीक चालली. स्थिर करंट 100 मिलिअँपिअरवर लावला, एक फेरी मारून आलो तर 400! उष्णता काढणारा धातूचा सिंक तापला की थ्रेशोल्ड उतरतो, करंट वाढतो, तो आणखी तापतो. बायसचा डायोड सिंकवर चिकटवल्यावर हे थांबलं.

चौथ्या जोडीने इनपुट काढून घेतल्यावरही 12 वॅट दिले. फुकटची पॉवर बघून क्षणभर आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग मीटर हलेना, बँड बदलला तरी हलेना, तेव्हा कळलं की हा ऑसिलेटर झालाय, स्वतःच सिग्नल तयार करतोय. गेटला लागूनच काही ओहमचे रेझिस्टर आणि ड्रेनपासून गेटला फीडबॅक दिल्यावर शांत झाला. तेव्हापासून नवीन बोर्ड पहिल्यांदा चालू करताना सप्लायची करंट-मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवतो, आणि ड्राइव्ह देण्याआधी इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे 50 ओहमचा लोड.

डमीलोड:
एलडीमॉस, म्हणजे मोठ्या पॉवरचा आरएफ ट्रान्झिस्टर. बीएलएफ188एक्सआर. कागदावर 50 व्होल्टला 1400 वॅट. माझा जिवंत होता एकूण तीन संध्याकाळ.

त्याला ड्राइव्ह काही वॅटच लागतो. रिग, म्हणजे माझा रेडिओ, 100 वॅटची. मी पॉवरचा नॉब 5 वर ठेवला आणि निर्धास्त झालो. बऱ्याच रिगमध्ये हा नॉब एएलसीमार्फत (पॉवर आपोआप आवरणारं सर्किट) चालतो, आणि एएलसीला जागं व्हायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात मोर्सच्या पहिल्या टिंबाला पूर्ण 100 वॅटचा झटका बाहेर पडतो. साध्या मीटरला तो दिसतच नाही. गेटला मात्र दिसतो.

दुसरा डिव्हाइस घेतला तेव्हा इनपुटला 10 डीबीचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल दहापट कमी करणारा तुकडा, टाकला. आता रिग 50 वॅटवर चालवतो, त्यातले 45 अटेन्युएटरमध्ये जळतात आणि पुढे 5 जातात. झटका आला तरी 10च्या वर जात नाही. वाया जाते म्हणून लोक हसतात. हसू दे.

शिवाय या वेळी डिव्हाइस पेस्ट लावून स्क्रूने दाबला नाही, तांब्याच्या जाड पाटावर सोल्डरने बसवला. किलोवॅट काढताना 400 वॅट तरी उष्णता त्या दोन बोटांएवढ्या जागेतून निघायची असते, तिथे पेस्टचा थर म्हणजे गोधडीच. पाट हॉटप्लेटवर तापवून, सोल्डर पसरलं की डिव्हाइस ठेवायचा, किंचित सरकवून हवेचे बुडबुडे काढायचे. हात थरथरतो. पहिल्यांदा एका भंगार डिव्हाइसवर सराव करा. जुने आरएफ ट्रान्झिस्टर मात्र फोडून बघायचा मोह टाळा. कित्येकांत बेरिलियम ऑक्साइडचा पांढरा तुकडा असतो, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक.

ठिणगी:
माझी जीआय-7बी ट्यूब. बरीच वर्षं डब्यात पडलेली ट्यूब सॉकेटात बसवली, हीटर तापवला, हाय व्होल्टेज दिलं आणि धडाम! बंदुकीसारखा आवाज. ग्रिड मीटरचा काटा वाकून खिळ्याला अडकला, शंट (मीटरला समांतर जोडलेला रेझिस्टर) जळाला, बायसचं व्होल्टेज ठरवणारा झेनर डायोड गेला. गंमत म्हणजे ट्यूब ठीक निघाली.

मी पॅरासिटिक, म्हणजे भलत्याच फ्रिक्वेन्सीवरचं नको असलेलं ऑसिलेशन, समजून चाललो. ते दाबणाऱ्या प्लेटच्या सप्रेसरमध्ये 50 ओहमच्या कार्बन रेझिस्टरवर तारेचे चार वेढे आहेत. रेझिस्टर मोजला तर 190 ओहम. म्हटलं, हाच चोर. बदलला. आठवड्याने पुन्हा धडाम.

काचवाला:
वर लिहिलंय त्याला मी हरकत घेतो. जिथे तिथे पॅरासिटिकचं भूत बघायची सवय आपल्याला लागली आहे. ड्राइव्हच नसताना, नुसतं व्होल्टेज दिल्यावर डब्यातून काढलेली ट्यूब फुटल्यासारखी वाजते, तेव्हा आधी आत शिरलेला वायू संशयित. सप्रेसर 190 झाला होता तो बहुधा 28 मेगाहर्ट्झवर भाजून. तो बदलला ते बरंच झालं, पण आवाज त्याचा नव्हे. हीटर एक दिवस नुसता तापत ठेवा, वारा चालू, हाय व्होल्टेज बंद.

ठिणगी:
ठेवला. त्यानंतर आवाज नाही, हे कबूल. सप्रेसर निर्दोष होता हे अजून मान्य नाही.

पण नुकसान कशाने झालं ते मात्र कळलं. हाय व्होल्टेजच्या वाटेत एकही रेझिस्टर नव्हता. आता 25 ओहमचा वायरवाउंड आहे. ट्यूबमध्ये ठिणगी पडली तरी 3000 व्होल्टला करंट 120 अँपिअरवर अडतो आणि फ्यूजला उडायची सवड मिळते. मीटरच्या शंटवर दोन डायोड उलटसुलट, आणि सप्लायचं ऋण टोक व चॅसी यांच्यामध्येही तसेच जाड डायोड. एवढ्याशा सामानासाठी मी एक मीटर, एक झेनर आणि दोन रविवार घालवले.

अँटेनावाला:
मी बनवला नाही, तेही सांगतो. 100 वॅटचे 400 केले की समोरच्याच्या मीटरवर 6 डीबी, म्हणजे सिग्नल मीटरचं एकच घर, एक एस-युनिट. वरचे सगळे धडाम वाचून मी पुन्हा एकदा अँटेना दोन मीटर उंच करायला चाललो.

उशिरा आलेली:
आजोबांचा 813 ट्यूबचा लिनिअर माझ्याकडे आला. फिलामेंट 10 व्होल्ट, 5 अँपिअर; पेटला की आख्खं टेबल उजळतं. व्हॅरिअॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) कितीतरी तास हळूहळू चढवला, कपॅसिटर टिकले, प्रसारण पहिल्याच दिवशी झालं. ऐकूच काही येईना. सिग्नल अगदी खोल विहिरीतून आल्यासारखे, आणि दोन-चारदा मोर्सची की दाबल्यावर अचानक मोठे. मी रिगच उघडायला घेतली होती.

दोष रिलेचा, म्हणजे अँटेना ऐकण्याकडून प्रसारणाकडे फिरवणाऱ्या स्विचचा. प्रसारणाच्या संपर्कबिंदूंमधून भरपूर करंट जातो, तिथली काजळी जळून जाते. ऐकण्याच्या बाजूने मायक्रोव्होल्ट जातात, त्यांच्याने साधी ऑक्साइडची पापुद्रीही तुटत नाही. रिले आदळला की जरा वेळ जमतं, मग पुन्हा तेच. पॉलिशपेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो. साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिलमध्ये भिजवून, संपर्क बोटाने हलकेच मिटवून, तीनदा ओढली. पट्टीवर काळी रेघ उमटली.

झाकणाच्या आतल्या बाजूला आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: ‘ऐकू येत नसेल तर आधी रिले.’ मी झाकण दुरुस्तीच्या आधीच काढलं होतं, पण आतली बाजू खाली करून ठेवलं होतं.