ओळीओळीत स्क्रिप्ट नको, एकदाच बोलवा

एका वाचकाची तक्रार आहे की व्हीलुकअप (दुसऱ्या तक्त्यातून माहिती शोधून आणणारं सूत्र) काढून ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे शीटसोबतच्या कोड लिहायच्या सोयीत, स्वतःचं फंक्शन लिहिलं आणि ते चार हजार ओळींत वापरलं, तरी गूगल शीट रखडतेच. दोष फंक्शनचा नाही, ते चार हजार ओळींत खाली ओढल्याचा आहे. प्रत्येक सेल गूगलच्या सर्व्हरकडे वेगळी फेरी मारतो.

मार्केट यार्डातल्या एका भुसार गाळ्याची विक्रीची शीट मी हाताळतो. तिथेही प्रत्येक ओळीत ‘लोडिंग’ दिसत बसायचं. आता फक्त सी२ मध्ये एकच सूत्र आहे: =दरलावा(बी२:बी४०००, दर!ए२:बी३००). ‘दरलावा’ हे मी लिहिलेलं फंक्शन, पहिल्या रेंजमध्ये (सेलच्या पट्ट्यात) मालाची नावं, दुसरीत ‘दर’ शीटमधले भाव. फंक्शनला दोन्ही रेंज ॲरे, म्हणजे मूल्यांची यादी, म्हणून मिळतात. दरांचा मॅप (नावावरून भाव सांगणारी यादी) एकदाच बनवायचा, मालाच्या नावांवर लूप फिरवायचा, म्हणजे एकेक नाव घेऊन त्याचा भाव काढायचा, आणि पूर्ण कॉलम एकदम परत द्यायचा. खालचे सेल मात्र रिकामे हवेत, नाहीतर रेफ एरर (#REF!) येते.

दरांची रेंज बाहेरूनच द्या, हे कळकळीने सांगतो. स्क्रिप्टच्या आत गेटरेंजने (शीटमधले सेल वाचायच्या आज्ञेने) वाचली, तर तुरीचा भाव बदलला तरी सूत्र हलत नाही, जुनाच आकडा बिलात जातो. आमच्याकडे तसं झालंय. आणि अशा फंक्शनला वेळेची मर्यादा ३० सेकंदांची आहे. त्यात बसत नसेल तर सूत्र सोडून मेनूतून चालणारं स्क्रिप्ट लिहा.