मदत हवी आहे: कानबान बोर्ड लावला, मर्यादा घातल्या, तरी कामं तुंबलेलीच (नाशिक, १६ जणांची सॉफ्टवेअर टीम)

गोदातीर:
नमस्कार. ११ डेव्हलपर, २ टेस्टर, ३ सपोर्टला. ग्राहक बहुतेक अंबड-सातपूरचे कारखाने. स्टोअर, डिस्पॅच आणि बिलिंगची सॉफ्टवेअरं. तीन महिन्यांपासून कानबान बोर्ड आहे: प्रत्येक कामाचं एक कार्ड, टप्प्याटप्प्याचे रकाने, आणि काही रकान्यांत एका वेळी किती कार्डं चालतील याची मर्यादा. आज विश्लेषणात १० कार्डं, कोडिंगमध्ये ८ (मर्यादा ८), टेस्टिंगमध्ये ४ (मर्यादा ४), 'रिलीजसाठी तयार' ११ आणि 'अडकलेली' १९. शेवटच्या दोन रकान्यांना मर्यादा नाही. आठवड्याला साधारण १३ कार्डं बंद होतात. रिलीज दर शुक्रवारी संध्याकाळी. ग्राहकांची ओरड एकच: साध्या बदलालाही महिना लागतो. टेस्टर वाढवावेत का? जाणकारांनी सांगावं.

सातपूरकर:
टेस्टरचं तूर्त बाजूला ठेवा, आधी हिशेब करू. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे जसाच्या तसा लागतो: हातातली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे सरासरी लागणारा वेळ. ५२ भागिले १३ म्हणजे ४ आठवडे. ग्राहक म्हणतात तो महिना हाच. वेग तोच ठेवून हातातली कामं २६ वर आणलीत, तर माणूस न वाढवता २ आठवडे होतात. (नियम सरासरीचा आहे. येणारी आणि संपणारी कामं साधारण सारखी असतील तरच चालतो; एखाद्या कार्डाची तारीख त्यावरून देऊ नका.)

गळती 'अडकलेली' या रकान्यात आहे. कार्ड तिकडे सरकवलं की कोडिंगची जागा मोकळी होते आणि नवं काम आत येतं. कोडिंग-टेस्टिंगची मर्यादा मिळून १२, प्रत्यक्षात ३१ कामं उघडी. तो रकानाच काढा. अडलेलं कार्ड होतं तिथेच ठेवा आणि त्यावर लाल चिठ्ठी लावा: काय हवंय, कोणाकडून, कधीपासून. जागा अडली की टीमला त्रास होईल. तो झालाच पाहिजे, त्याशिवाय अडचण सोडवायला कोणी उठत नाही.

काचेचा_फळा:
वरच्याशी सहमत. दोन गोष्टींची भर घालतो.

कोडिंगच्या रकान्याचे 'चालू' आणि 'झालं' असे दोन भाग करा, मर्यादा दोन्ही मिळून ८ च. टेस्टिंग भरलेलं असेल तर 'झालं' भरत जाईल आणि डेव्हलपरला नवं कार्ड उचलता येणार नाही. मग त्यानं टेस्टिंगला हात लावायचा: स्वतःचा कोड सोडून दुसऱ्याचं कार्ड तपासायचं, टेस्ट डेटा तयार करायचा, रोज हातानं होणारी एखादी तपासणी स्वयंचलित करायची. त्यातून दोन टेस्टर खरंच कमी पडतात की कामाचे लोंढे येतात, ते पंधरा दिवसांत कळेल.

दुसरं, शेवटची बंद झालेली २० कार्डं काढा. प्रत्येकाला चार तारखा लावा (मागणी, काम सुरू, टेस्टिंग संपलं, रिलीज) आणि प्रत्यक्ष हात लागलेले तास लिहा. एखादं कार्ड १८ कामाचे दिवस राहिलं, म्हणजे १४४ तास, आणि हात लागला १४ तास, तर जेमतेम दहा टक्के वेळ काम झालं. बाकी सगळी वाट पाहणं. कोड लिहिण्याचा वेग वाढवून तिथे फारसं काही हाती लागत नाही. शुक्रवारच्या रिलीजचंच पाहा. कामं आठवडाभर सारखी तयार होत असतील तर तयार कार्ड सरासरी साडेतीन दिवस नुसतं पडून राहतं. मंगळवारी आणि गुरुवारी, असं दोनदा, सकाळी ११ ला सोडा; बिघडलं तर निस्तरायला माणसं जागेवर असतात. मात्र जुनी आवृत्ती परत कशी लावायची याची रंगीत तालीम आधी करा. ती न करता रिलीज वाढवले तर बिघाड दुप्पट वेळा ग्राहकाच्या अंगावर जातो.

गोदातीर:
पटलं. दोन शंका. डिस्पॅचचं चलान निघत नाही, ट्रक गेटवर उभा आहे, असा फोन आला तर मर्यादा कशी पाळायची? आणि आमच्या व्यवस्थापनाला कोणी मोकळं दिसलं की लगेच नवं काम दिलं जातं.

सातपूरकर:
तातडीसाठी बोर्डवर वरती वेगळी पट्टी आखा, मर्यादा १. दुसरं तातडीचं आलं तर आधीचं संपेपर्यंत थांबेल, किंवा दोन्हींतलं कुठलं आधी ते व्यवस्थापकानं ठरवायचं. किती वेळा ती पट्टी वापरली ते मोजा. आठवड्याला चार-पाच वेळा लागत असेल तर तोच दोष पुन्हापुन्हा येतोय. त्याचं मूळ काढणं हेच पुढचं काम.

दुसरी शंका खरी कळीची. व्यवस्थापनाला रांगेचं गणित दाखवा. एक खिडकी, अनियमित येणारी आणि कमीजास्त वेळ घेणारी कामं: खिडकी ८० टक्के व्यग्र असेल तर सरासरी थांबावं लागतं कामाच्या वेळेच्या ४ पट, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ ला १९ पट. सगळ्यांना शंभर टक्के गुंतवायचं ठरवलं की रांग संपतच नाही. कारखान्यात अर्धवट माल पॅलेटवर दिसतो, वाटेत येतो. आपला अर्धवट माल दिसत नाही, म्हणून कोणाला खुपत नाही.

त्यामुळे मर्यादा आधी साहेबांनी पाळायची. नवं काम द्यायचं असेल तर कुठलं थांबवायचं तेही त्यांनीच सांगायचं. रोज १५ मिनिटं त्यांनी बोर्डसमोर उभं राहावं, कार्डं उजवीकडून डावीकडे वाचावीत, आणि 'हे कोणाचं राहिलंय?' ऐवजी 'हे पुढे सरकायला काय लागेल?' एवढंच विचारावं. पहिला प्रश्न विचारला जातो तिथे माणसं लाल चिठ्ठी लावायचंच टाळतात. टोयोटाच्या कारखान्यात काही अडलं की कामगार दोरी ओढून खूण करतो, तेव्हा टीम लीडर आधी मदतीला धावतो. लाल चिठ्ठीलाही तसंच उत्तर मिळालं पाहिजे: एका तासात कोणीतरी कार्डापाशी.

काचेचा_फळा:
त्या १९ कार्डांचं: सोमवारी दोन तास बसून तीन ढीग करा. ग्राहकाच्या उत्तरासाठी अडलेल्यांना फोन लावा, ईमेल नको. १० दिवसांत उत्तर नाही आलं तर कार्ड परत मागणीत, तसं ग्राहकाला कळवून. दुसऱ्या टीमसाठी अडलेली साहेबांच्या नावावर. उरलेली, आपल्याच हातातली, आधी संपवा, आणि ती संपेपर्यंत विश्लेषणातून एकही कार्ड पुढे घेऊ नका.