कुराणातली गर्भाची वाढ आणि आपलं बायोलॉजी: जुळतं का?

ठाण्याची_बायोवाली: माझ्या क्लासमधल्या अकरावीच्या एका मुलीने काल व्हिडिओ दाखवला. त्यात म्हणतात की सूरह अल-मुमिनूनमध्ये, आयत १२ ते १४, गर्भाचे टप्पे आलेत, नुत्फा म्हणजे थेंब, मग अलका म्हणजे सहसा रक्ताची गुठळी असा अर्थ लावतात ती, मग मुद्गा म्हणजे चावलेल्या घासासारखा गोळा, मग हाडं आणि हाडांवर मांस, आणि सातव्या शतकात मायक्रोस्कोप नसताना हे कुणाला कळणार? मॅडम, खरंय का, असं तिने विचारलं. मी घाईत अर्धवट उत्तर दिलं, त्याची रुखरुख लागलीय म्हणून इथे लिहिते. आधी हाडं आणि नंतर वरून मांस असं होत नाही हो. दोन्ही मुख्यतः गर्भातल्या एकाच थरातून, मेसोडर्म म्हणजे मधल्या थरातून येतात, सहाव्या आठवड्यात कूर्चेचे साचे घडत असतात तेव्हाच बाजूला स्नायूही घडत असतात, आणि खरं हाड त्याच्याही नंतर धरायला लागतं. ग्रंथाचा पूर्ण मान ठेवून सांगते, हे जुळत नाही.

कौसा_मुंब्रा: मॅडम, आदराने लिहिलंत, शुक्रिया. पण अलका म्हणजे नुसती रक्ताची गुठळी नाही, अरबीत चिकटून लटकणारी वस्तू, जळू असाही अर्थ आहे, आणि गर्भ आठवड्याभरात गर्भाशयाला चिकटतोच ना? टोरंटोचे कीथ मूर, ज्यांचं पुस्तक मेडिकलची पोरं वाचतात, त्यांनीही हे मानलं. बायकोच्या सोनोग्राफीत ठोके ऐकले तेव्हा मला हीच आयत आठवली, अंगावर काटा आला होता.

ऐरोलीकर: आपल्या गर्भोपनिषदात पण सगळं आहे, ते कुणी सांगत नाही!!

ठाण्याची_बायोवाली: ऐरोलीकर, मग मोजपट्टी एकच लावूया. त्यात दोन महिन्यांनी डोकं आणि तीन महिन्यांनी पाय म्हटलंय, प्रत्यक्षात चौथ्या आठवड्यातच डोक्याकडचा भाग ओळखू येतो आणि हातापायांचे कोंब त्याच सुमारास फुटायला लागतात. तेही जुळत नाही.
कौसा, मूर यांच्या पुस्तकाची १९८३ ची ती आवृत्ती वेगळी होती, त्यात इस्लामी भर जोडलेली होती, पोरं नेहमी वाचतात त्या पुस्तकात ती नाही. आणि मायक्रोस्कोप नसताना कळणारच नाही हेही खरं नाही, अ‍ॅरिस्टॉटलच्या काळात कोंबडीची अंडी दिवसादिवसाने फोडून पिल्लाचं धडधडणारं हृदय बघितलेलं आहे, तेही हजार वर्षं आधी.

नेरूळ_नर्स: मी मुस्लिम आहे, लेबर रूममध्ये ड्युटी करते. कौसाभाई, राग मानू नका, पण आयतीला पाठ्यपुस्तकाचं सर्टिफिकेट कशाला हवं? उद्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली की आपण अर्थ बदलत बसायचा का? त्याच आयतीच्या शेवटी अल्लाहला सर्वोत्तम निर्माता म्हटलंय, मला तेवढं पुरतं.

कौसा_मुंब्रा: बहन, ईमान माझा मूरवर टिकलेला नाहीच. पण शाळेत आपल्या पोरांना मागास म्हणतात तेव्हा असा एक व्हिडिओ आधार वाटतो, ते कुणी समजून घेत नाही. अलकाच्या अर्थावर मी अजून ठाम आहे. मॅडम, त्या मुलीला चारचौघात चूक म्हणू नका एवढंच.

ठाण्याची_बायोवाली: नाही म्हणणार. सोमवारी क्लास सुटल्यावर तिला एकटीला थांबवते, सहाव्या आठवड्याची आकृती काढते आणि तो व्हिडिओही तिच्यासोबत परत बघते.