ड्यूटी आणि ऑब्लिगेशन: बजावायचं काय आणि फेडायचं काय?

ड्यूटी आणि ऑब्लिगेशन या दोन्ही शब्दांना सरसकट 'कर्तव्य' लिहिलं तरी पुष्कळदा काम भागतं. अडतं ते करारनाम्यात, जाहिरातीत आणि माणसामाणसांतल्या देण्याघेण्याबद्दल लिहिताना. 'नो ऑब्लिगेशन टू बाय' याचं 'खरेदीचे कर्तव्य नाही' असं मराठी करून पाहा, वाक्य लगेच कानाला टोचतं. म्हणायचं असतं ते एवढंच, की नमुना वापरून पाहिलात म्हणून वस्तू घ्यायला तुम्ही बांधील नाही.

'बांधील' हाच शब्द इथे नेमका आहे. ऑब्लिगेशनच्या मुळाशी लॅटिनमधलं 'लिगारे', म्हणजे बांधणं, हे क्रियापद आहे. इसवी सन 533 मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याचं जे पाठ्यपुस्तक सिद्ध झालं, त्यात ऑब्लिगेशनची व्याख्याच 'कायद्याचा बंध' अशी केली आहे. बंध म्हटला की त्याला दोन टोकं आली. एका टोकाला देणेकरी, दुसऱ्या टोकाला घेणेकरी.

ड्यूटीचं मूळ 'ड्यू' या शब्दात आणि त्यामागच्या 'देणं लागणं' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. तो अर्थ कस्टम ड्यूटी, स्टॅम्प ड्यूटी यांत अजून शाबूत आहे, म्हणून तिथे मराठीत 'शुल्क' येतं. पण रोजच्या इंग्रजीत ड्यूटीतली उधारी मागे पडली आणि ती बरीचशी ऑब्लिगेशनकडे गेली. त्यामुळे व्युत्पत्तीवरून आजचा फरक ठरवायला गेलं की गोंधळच वाढतो. वापर पाहणं बरं.

रात्रपाळीच्या नर्सचं उदाहरण घेऊ. ठरलेल्या वेळी रुग्णाचा ताप, नाडी, रक्तदाब पाहून तक्त्यावर नोंदवणं ही तिची ड्यूटी. रुग्ण ओळखीचा असो वा नसो, गोड बोलणारा असो वा चिडका, त्याने फरक पडत नाही. ती त्या जागेवर आहे म्हणून हे काम तिचं. तिनेच सहकारी मैत्रिणीला 'तुझी रविवारची पाळी मी करते' असा शब्द दिला असेल, तर ते ऑब्लिगेशन. शब्द दिला नसता तर तेही नसतं. आता मैत्रिणीने शनिवारी फोन करून 'राहू दे गं, माझं जाणं रद्द झालं' म्हटलं की ही मोकळी. रुग्णाने मात्र 'सिस्टर, माझी नोंद नाही केलीत तरी चालेल' असं शंभरदा म्हटलं, तरी तक्ता कोरा ठेवता येत नाही. आणि नोकरी सोडली की त्या वॉर्डातली ड्यूटी संपते; मैत्रिणीकडून घेतलेले हातउसने पैसे राजीनाम्याने फिटत नाहीत.

मला यातली सगळ्यात कामाची खूण वाटते ती सुटकेची. समोरच्याने 'सोडलं' म्हणताच माणूस सुटत असेल, तर बहुधा ते ऑब्लिगेशन. समोरच्याच्या हातात ती सुटका नसेल, तर ड्यूटीकडे वळावं. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये हीच रेघ जरा वेगळ्या जागी ओढली होती: आपण होऊन केलेल्या कृतीतून येतात ती ऑब्लिगेशन्स, आणि कुणाला काही कबूल केलेलं नसतानाही लागू असतात त्या नैसर्गिक ड्यूटीज. बुडणाऱ्याला, आपल्या जिवाला फारसा धोका नसेल तर, हात देणं हे दुसऱ्या प्रकारातलं.

कायद्यातला फरक 1932 च्या डॉनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या ब्रिटिश खटल्यात छान दिसतो. मे डॉनह्यू या बाईंसाठी त्यांच्या मैत्रिणीने जिंजर बिअरची बाटली विकत घेतली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. उरलेलं ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय निघाली आणि आपण आजारी पडलो, अशी त्यांची तक्रार होती. पण पैसे दिले होते मैत्रिणीने. डॉनह्यूबाईंचा ना दुकानदाराशी करार, ना उत्पादकाशी, म्हणजे कराराचं ऑब्लिगेशन त्यांच्याशी कुणाचंच नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की तरीही पिणाऱ्याबाबत काळजी घेण्याची ड्यूटी उत्पादकावर असते. म्हणूनच आजही 'ड्यूटी ऑफ केअर' म्हणतात आणि 'कॉन्ट्रॅक्चुअल ऑब्लिगेशन' म्हणतात. या जोड्यांची अदलाबदल सहसा होत नाही.

अर्थात ही भिंत पक्की नाही. रोमन परंपरेच्या कायद्यात दुसऱ्याचं नुकसान केल्यावर येणारी भरपाईसुद्धा ऑब्लिगेशनमध्येच मोडते. 'मॉरल ड्यूटी' आणि 'मॉरल ऑब्लिगेशन' तर चांगले लेखकही अदलून बदलून वापरतात. तिथे फार कीस काढू नये.

मराठीत हा भेद आपल्या क्रियापदांनी कधीचाच सांभाळून ठेवला आहे. कर्तव्य आपण बजावतो, कर्तव्याला चुकतो, कर्तव्यात कसूर करतो. देणं फेडतो, शब्द पाळतो, उपकारातून उतराई होतो. 'कर्तव्य फेडलं' किंवा 'देणं बजावलं' असं कुणी म्हणत नाही. म्हणून भाषांतर करताना नामावर अडकलात तर आधी क्रियापद शोधा. वाक्यात 'फेडणं', 'पाळणं', 'मोकळं होणं' बसत असेल तर मूळ शब्द ऑब्लिगेशनच्या घरचा आहे आणि त्याला देणं, बांधिलकी, दायित्व किंवा कायद्याच्या मराठीतला 'आबंधन' यांपैकी एक चालेल. 'जबाबदारी' शक्यतो टाळावी. ती दोन्हीकडे बसते, आणि म्हणूनच दोन्हीकडे मोघम राहते.

'ऑब्लाइज्ड' हे रूप मात्र वेगळं हाताळावं लागतं. 'मच ऑब्लाइज्ड' म्हणजे नुसतं 'आभारी आहे'. 'आय फेल्ट ऑब्लाइज्ड टू गो' इथे प्रसंगाप्रमाणे 'भिडेखातर गेलो' किंवा 'मिंधा होतो म्हणून गेलो' असं लिहिता येईल, आणि या दोहोंत किती अंतर आहे ते मराठी माणसाला सांगायला नको. एच. एल. ए. हार्ट या कायदेपंडितांनी दाखवलेला भेद तर भाषांतर करणाऱ्याने जवळ बाळगावा असा आहे. कुणी बंदूक रोखून पैसे मागितले, तर 'ही वॉज ऑब्लाइज्ड टू पे' हे बरोबर, पण 'ही हॅड ॲन ऑब्लिगेशन टू पे' हे चूक. पहिल्याचं मराठी 'त्याला पैसे द्यावे लागले'. दुसऱ्याचं 'तो पैसे देणं लागत होता', आणि लुटारूचं तर तो काहीच देणं लागत नव्हता.