मदत हवी आहे: फिरतीच्या कामासाठी हलका लॅपटॉप की थोडा जड, पण दुरुस्त होणारा?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. दुकानातलं काम डेस्कटॉपवर भागतं. प्रश्न फिरतीचा आहे. जुलैत पीक विमा, नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले, वर्षभर ई-केवायसी. ज्यांना येणं होत नाही त्यांच्या घरी मीच स्कूटीवर जाते.

मागच्या नोव्हेंबरात एका आजींकडे गेले होते. ओसरीत बाज, बाजेवर लॅपटॉप. जन्मभर कापूस वेचून अंगठ्याच्या रेघा पार पुसलेल्या, पाच-सहा वेळा लावूनही जुळेना. मोबाइलवर चेहऱ्यावरून करून पाहिलं, ओसरीतल्या अंधारात तेही होईना. हात धुवायला लावले, दुसरं बोट घेतलं, तोवर लॅपटॉप बंद. लाइन सकाळपासूनच गेलेली. आजी म्हणाल्या, "राहू दे माय, उद्या येजो." त्यांची औषधं त्या पेन्शनवर चालतात, म्हणून मला ते फार लागलं.

तो लॅपटॉप १५.६ इंची आहे, चार्जर धरून अडीच किलोच्या वर. बॅटरी पाऊण तास टिकते. आता बदलायचाच आहे. बजेट २५ ते ३० हजार, म्हणजे जुन्यातला चांगला बघावा लागेल.

आधी वाटलं, सगळ्यात छोटा घ्यावा. लेनोवो कंपनीचे थिंकपॅड एक्स२७० आणि एक्स२८०, दोन्ही १२.५ इंची, पाहिले. एक्स२७० ची मागची बॅटरी काढता येते आणि आत दुसरी असते, त्यामुळे लॅपटॉप चालू असतानाच बदलता येते. माझ्यासाठी ही केवढी सोय! पण त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील हाताळायचे, तिथे ही जोखीम मला नको. एक्स२८० वर ११ चालतं, वजनही कमी, पण बॅटरी आतच आणि रॅम बोर्डावर सोल्डर केलेली. जी आहे तीच जन्मभर. शिवाय यातल्या बऱ्याच स्वस्त पीसना १३६६ बाय ७६८ चा स्क्रीन असतो, फॉर्मचं शेवटचं बटण दरवेळी खाली सरकवून शोधावं लागतं.

मग थिंकपॅडच्याच टी४८० वर नजर गेली. १४ इंची, विंडोज ११ चालतं, बाहेरची बॅटरी निघते, रॅमला दोन स्लॉट, म्हणजे पुढे वाढवता येते. अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर लावायला साधे यूएसबी पोर्टही आहेत, हब सांभाळत बसायला नको. फक्त वजन साधारण १.६ किलो, मोठी बॅटरी लावली की आणखी वाढतं.

छोट्यापेक्षा तीन-चारशे ग्रॅम जास्त, हे कागदावर काहीच नाही. पण पाठीवरच्या बॅगेत चार्जर, मशीन, कागदपत्रं असतात आणि रस्ता आमच्याकडचा, तेव्हा संध्याकाळी पाठ भरून येते. दुसरीकडे काही बिघडलं तर यवतमाळ, नाहीतर नागपूर. एक दिवस मोडला की तेवढे दाखले अडतात.

ज्यांनी हे वापरलेत त्यांनी कृपया सांगावं:

टी४८० रोज पाठीवर वागवणं झेपतं का? जुन्या पीसमध्ये बाहेरची बॅटरी नवी घ्यायची तर चांगली कशी ओळखायची? आणि मे महिन्यात, ४४-४५ अंशांत, पंखा चालू राहूनही बारीक लॅपटॉप किती मंदावतो? बरेच लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेले असतात, म्हणून विचारते.

टाइप-सी पॉवरबँकवर एक्स२८० दिवसभर चालवणारं कोणी असेल, तर किती वॉटची पॉवरबँक लागली तेही लिहा. ते जमत असेल तर मी पुन्हा छोट्याकडे वळेन.